कूलंट गळतंय: पंप बदलायचा की आधी गळती शोधायची?

प्राजक्ता, कँटन, मिशिगन

नमस्कार मंडळी,

आमची चार सिलिंडरची जपानी सेडान, 2013 चं मॉडेल, सव्वा लाख मैल झालेत. गॅरेजच्या फरशीवर पुढच्या उजव्या चाकाजवळ गुलाबी डाग पडतायत आणि कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीतली पातळी ‘लो’च्या खाली गेलीय. एका दुकानात दाखवली, तर त्यांनी बॉनेट उघडून वरवर पाहिलं आणि ‘वॉटर पंप, आठशे डॉलर’ म्हणून मोकळे झाले. नवरा म्हणतो, घरीच करू. मला धास्ती वाटते. थंडी पडायच्या आत काय ते ठरवायचंय. कुणी केलंय का हे घरी?

---

वसंतकाका, लिव्होनिया

प्राजक्ता,

घरी होतं. पण पंप, म्हणजे इंजिनात कूलंट फिरवणारा वॉटर पंप, मागवायची घाई करू नकोस. पंपच गळतोय हे अजून कुणी पाहिलेलंच नाही. वरचा होस, म्हणजे रबरी नळी, पाझरला तरी थेंब ओघळत खालीच येतो आणि बिल पंपाच्या नावावर फाटतं.

पहिलं म्हणजे रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसर. सकाळी थेंब नेमका कुठे पडलाय ते कळेल. स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल तर ते एसीचं, सोडून दे. गुलाबी आणि बोटांना बुळबुळीत लागलं तर कूलंट. गाडीत गोडसर वास येतो का? काचेला आतून चिकट धुकं धरतं का? पुढच्या सीटखालचा गालिचा ओला आहे का? तसं असेल तर हीटर कोअर, म्हणजे गाडीत गरम हवा देणारा आतला छोटा रेडिएटर, आणि मग पंपाचा विषयच संपला.

दुसरं, ऑटोझोन किंवा ओरायली या सुट्या भागांच्या दुकानांतून कूलिंग सिस्टिमचा प्रेशर टेस्टर उसना मिळतो. अनामत भरायची, परत केला की पैसे परत. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची टोपी काढून टेस्टर बसवायचा आणि हातपंपाने टोपीवर लिहिलेल्या दाबापर्यंत न्यायचा. टोपीवर 1.1 (बार) असेल तर टेस्टरच्या काट्यावर साधारण 16 पीएसआय. त्याच्या वर अजिबात नको, नाहीतर चांगला रेडिएटर फोडून ठेवशील. पंधरा मिनिटं थांब. काटा खाली आला म्हणजे कुठेतरी गळतंय, टॉर्च घेऊन शोध. थंड इंजिनावर करायचं ते फक्त भाजू नये म्हणून नाही. पंपाचं सील थंडीत आकसतं, त्यामुळे बऱ्याचदा ते थंड असतानाच जास्त पाझरतं. गरम गाडी बघणाऱ्याला तेव्हा काहीच सापडत नाही.

पंपाच्या अंगावर एक बारीक भोक असतं, वीप होल म्हणतात त्याला. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. त्याच्याखाली वाळलेली गुलाबी खपली दिसली तर पंपच. पुली, म्हणजे पट्ट्याने फिरणारं पंपाचं चाक, हाताने हलवून पाहा, जराही खेळ असेल किंवा इंजिन चालू असताना घरघर येत असेल तर बेअरिंगही गेलंय.

काटा खाली येतोय आणि बाहेर कुठेच थेंब नाही, तर मात्र काळजी. तेलाची डिपस्टिक बघ. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं, किंवा इंजिन गरम झाल्यावरही धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलची, शंका घ्यायची आणि गाडी चालवायची नाही.

---

मंदार, ट्रॉय

काका, माझ्याकडे फोर्ड एज आहे, 3.5 लिटर व्ही-6. हेच तिलाही लागू का? आणि प्राजक्ता, खरं सांगू का, शनिवार-रविवार घालवून, हात काळे करून चार-पाचशे डॉलर वाचवायचे, त्यापेक्षा दुसऱ्या दोन दुकानांचे भाव घे.

---

वसंतकाका

मंदार, तुझ्या गाडीच्या वाटेला घरी जाऊ नकोस. त्या आडव्या बसवलेल्या 3.5 इंजिनात, 2011 ते 2019 च्या एक्सप्लोररमध्येही तेच, पंप टायमिंग कव्हरच्या आत आहे आणि इंजिनच्या झडपा वेळेवर चालवणाऱ्या टायमिंग चेनवर फिरतो. त्यासाठी अर्धं इंजिन उघडावं लागतं. शिवाय सील पूर्ण गेलं तर कूलंट थेट तेलात उतरतं. तुझी पातळी कमी होत असेल तर उशीर करू नकोस. होंडाच्या व्ही-6 मध्ये पंप टायमिंग बेल्टवर असतो, म्हणून बेल्ट बदलताना पंपही बदलून घेतात. प्राजक्ताचा पंप बहुतेक बाहेर, इंजिनच्या बाहेरून फिरणाऱ्या साध्या ड्राइव्ह बेल्टवर असेल. घरी करायचं की नाही हे पंप कुठे बसलाय त्यावर ठरतं, हौसेवर नाही. दोन दुकानांचे भाव घ्यायचं मात्र मलाही पटलं.

---

प्राजक्ता

काका, टेस्टर लावला. काटा हळूहळू उतरला. होस सगळे कोरडे, तेल स्वच्छ, आणि पुलीमागे गुलाबी खपलीचा ओघळ! पंप बाहेरच आहे. नवऱ्याने पार्ट मागवलाय. आता सांगा.

---

वसंतकाका

शाब्बास. आता क्रम नीट लक्षात ठेवा. सपाट जागा, मागच्या चाकांना अडण्या, आणि गाडी जॅक स्टँडवरच. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कुणी डोकंही घालायचं नाही.

पुढचं उजवं चाक आणि आतलं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं की पुली दिसते. बेल्ट काढण्याआधीच पुलीचे बोल्ट सैल करा. बेल्ट ताणलेला असतो तोवर तोच पुली धरून ठेवतो, नंतर ती हातात गरगर फिरते आणि माणूस वैतागतो. बेल्टच्या वाटेचा फोटो काढून ठेवा. कूलंट रेडिएटरच्या खालच्या तोटीतून काढा, तरी पंप सुटताना थोडं अंगावर येणारच.

जुनी गॅस्केट खरवडायला प्लॅस्टिकची पट्टी घ्या. ॲल्युमिनियमवर लोखंडी पट्टीचा एक ओरखडा पडला तरी नवा पंप तिथून पाझरेल. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नसेल तर सीलंट फासू नका. बोल्ट छोटे असतात, आटे पटकन जातात, म्हणून किती जोर लावला ते दाखवणारा टॉर्क रेंच हवाच. आकडा मॅन्युअलमधला घ्या, व्हिडिओतला नको. आडवे-तिरपे, थोडे थोडे करून आवळा. कूलंट निघालंच आहे तर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडझाप करणारी झडप, तीही बदलून टाका.

कूलंट रंग बघून घेऊ नका, गाडीच्या पुस्तकातलं स्पेसिफिकेशन बघा. आधीच पाणी मिसळलेलं घेतलं असेल तर त्यात आणखी पाणी घालू नका. आणि ‘मिशिगनची थंडी आहे, जरा जास्त असू दे’ म्हणून निर्जळ ओतू नका. निम्मं-निम्मं मिश्रण उणे 37 सेल्सिअसपर्यंत टिकतं, निव्वळ एथिलीन ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य रसायन, उणे 13 च्या आसपासच गोठतं.

शेवटी हवा काढायची. टोपी उघडी, नरसाळं लावलेलं, हीटर पूर्ण गरमवर. बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवा आणि तापमानाच्या काट्यावर नजर असू द्या. हीटरमधून गार वारा येत राहिला तर आत अजून हवा अडकलीय. मग इंजिन थंड होऊ द्या, पातळी भरा, पुन्हा टेस्टर लावा. गळती थांबवायची बाटलीबंद औषधं मात्र ओतू नका, ती हीटर कोअरही बुजवतात.

---

सुनीताताई, नोव्हाय

काकांनी सगळं सांगितलं, एक राहिलं. कूलंट झेलायला स्वयंपाकघरातलं पातेलं नेऊ नका गं. ते चवीला गोड असतं आणि विषारी. कुत्री-मांजरं चाटतात, थोडंसंही जिवावर बेततं. सांडलेलं लगेच मांजराच्या लिटरने टिपून घ्या, जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून त्यावर नाव लिहा. गटारात ओतायचं नाही. काउंटीचं घरगुती घातक कचरा संकलन असतं तिथे द्यायचं, फक्त आधी फोन करून वेळ घ्यावी लागते का ते विचारा. ड्रेन पॅन आणि मोठं नरसाळं आमच्याकडे आहे, शुक्रवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा.