वर्षभरात वाचलेल्या रहस्यकथा, जादूची जगं आणि समासातली पेन्सिल

समासातली
काल कपाट आवरताना अगाथा क्रिस्टींचं 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' हाती लागलं. मावशीची प्रत, पाठीला चिकटपट्टी, पानं पिवळी पडलेली. शाळेत असताना हेच पुस्तक मोठ्या हौसेने उघडलं होतं, तर सुरुवातीच्याच एका पानावर समासात आधीच्या कुणा वाचकाने पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून खाली दोन रेघा ओढलेल्या! मला रडूच फुटलं. मावशी म्हणाली, "कोण ते कळलंय ना? मग आता लपवलंय कसं ते बघ."

तेव्हा नाही पटलं. काल रात्री बसून पुन्हा वाचलं आणि पटलं. १९२६ची कादंबरी. सगळं आपल्या डोळ्यांसमोर ठेवलेलं असतं, आपणच भलतीकडे बघत असतो.

यंदा मी ठरवून एक रहस्यकथा, एक फॅन्टसी असं आलटून पालटून वाचलं. सगळ्यात आवडलं ते उर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८). गेड नावाचा पोरगा ऐटीत येऊन नको ती सावली मोकळी सोडतो. मग आधी तिच्यापासून पळतो, नंतर तिच्याच मागे लागतो. तिथे जादू आहे, पण फुकट नाही. एका बेटावर पाऊस पाडला तर दुसरीकडे कोरड पडेल, हे भान आधी शिकायचं. मला दोन्ही प्रकार आवडतात ते एकाच कारणाने: लेखकाने स्वतः घातलेला नियम शेवटपर्यंत पाळायचा. शेवटच्या पानावर नवाच मंत्र सापडला की माझा विश्वास उडतो.

तुमची यंदाची आवडती कादंबरी कोणती? सविस्तर लिहा, फक्त शेवट फोडू नका.

पानखूण
मूनस्टोन!!! विल्की कॉलिन्स, १८६८. हिरा चोरीला गेलाय, घर हवालदिल, आणि तपासाला आलेला सार्जंट कफ माळ्याशी गुलाबाच्या कलमावरून वाद घालतोय. त्या माणसासाठी पुस्तक वाचा. बाकी रात्री लिहिते, बस आली.

रात्रपाळी
मी नर्स आहे, म्हणून क्रिस्टींचंच 'द पेल हॉर्स' (१९६१). त्यात थॅलियम या विषारी धातूची बाधा आहे. केस गळायला लागतात, आणि बाकीची लक्षणं अशी की दुसराच आजार वाटावा. १९७७ साली लंडनच्या एका हॉस्पिटलात एका तान्ह्या मुलाचं दुखणं कुणालाच कळेना. तिथली नर्स नेमकी हीच कादंबरी वाचत होती. तिने डॉक्टरांना थॅलियम तपासायला सुचवलं. तेच निघालं, मूल वाचलं! क्रिस्टीबाईंनी पहिल्या महायुद्धात औषधालयात काम केलं होतं, विषांची माहिती तिथलीच. ड्यूटीवर वाचू नको म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

तेरावं प्रकरण
ताई, पेल हॉर्स माझ्या उशाशी आहे, पान ४० 😭

रात्रपाळी
अरे देवा! माफ कर रे. पण खुनी कोण ते नाही सांगितलं, वाच तू.

समासातली
तेराव्या, माझ्या मावशीचं वाक्य आता तुलाही लागू 🙂

गडद निळा
'द नेम ऑफ द रोझ'. १३२७ सालचा मठ, सात दिवस, एकामागून एक मृत्यू आणि चक्रव्यूहासारखं ग्रंथालय. पहिली शंभर पानं दोनदा सोडून दिली होती. मग कुठेतरी वाचलं की ती पानं कमी करा असं लोकांनी लेखक उम्बेर्तो एकोंना सुचवलं होतं, तर ते म्हणाले राहू देत, मठात राहायचं तर मठाची चाल अंगवळणी पडली पाहिजे. तिसऱ्यांदा डोंगर चढतात तसं, घाई न करता वाचलं. वर पोचल्यावर चार रात्री झोप नाही.

जुनी बांधणी
बाबुराव अर्नाळकरांचं नाव अजून कुणीच घेतलं नाही? हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने! झुंजार, धनंजय, काळा पहाड हे त्यांचेच नायक. आजोबांनी आठ पुस्तकं एकत्र शिवून एक जाड बाड केलं होतं. त्यातल्या पाचव्याची पहिली पानं गेलेली, त्यामुळे नाव आजतागायत माहीत नाही. यंदा परत वाचलं, परत रात्र गेली.

पानखूण
दादा, ते बाड जपा हो. कागदाचे फार तुकडे पडतायत का? पानं उलटताना खालून पुठ्ठा धरा.

जुनी बांधणी
पडतायत. पुठ्ठ्याचं बघतो, आभार.

ढगावरची खुर्ची
लेकीबरोबर 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' वाचतेय. मिखाएल एंडे यांचं मूळ जर्मन पुस्तक १९७९चं. सव्वीस प्रकरणं, प्रत्येकाची सुरुवात वर्णमालेतल्या पुढच्या अक्षराने. आणि छपाई दोन शाईंत: आपल्या जगातलं तांबडं, कल्पनेच्या जगातलं हिरवं. आमच्या प्रतीत सगळं काळंच आहे, म्हणून लेक स्वतः रंगीत पेन्सिलींनी समासात रेघा मारत चाललीय. पुस्तकावर लिहायचं नाही असं मीच शिकवलं होतं, पण इथे अडवलं नाही.

गडद निळा
अजिबात अडवू नका!

अर्धी खिडकी
सगळे प्रतिसाद वाचले. ऑगस्टमध्ये आई आयसीयूत होती, बाहेरच्या बाकावर सुझॅना क्लार्क यांचं 'पिरानेसी' (२०२०) वाचलं. न संपणारं घर, दालनामागून दालन, पुतळे, खालच्या मजल्यांत समुद्राच्या भरत्या. तिथे राहणारा एकटा माणूस रोज वहीत नोंदी करतो, आणि हळूहळू त्याच्याच जुन्या नोंदी त्याला परक्या वाटायला लागतात. रहस्यही तेच आणि फॅन्टसीही तीच. पहिल्या कादंबरीनंतर लेखिका वर्षानुवर्षं आजारी होत्या हे नंतर कळलं. मीही वही घातली. वेळ, ताप, कोण डॉक्टर आले. त्याच्यामुळे सुचलं.

रात्रपाळी
आई कशी आहे आता?

अर्धी खिडकी
घरी आलीय. जिना अजून चढवत नाही.

रात्रपाळी
सावकाश चढू दे. वही चालू ठेवा, डॉक्टरांना फार उपयोग होतो.

तेरावं प्रकरण
पेल हॉर्स संपलं. ताई, माफ केलं. माहीत असूनही शेवटी चकलो!!

पानखूण
घरी पोचले. मूनस्टोनवर लिहायचं होतं पण डोळे मिटतायत, उद्या. समासातली, ती पेन्सिल खोडलीस का?

समासातली
नाही गं. भाचीला देणार आहे पुस्तक. त्या नावावर एक कागदाची पट्टी चिकटवलीय, वाचून झाल्यावर काढ म्हणणार.