लेखात लिंका किती द्यायच्या?

पेठकर_२
आम्ही चार-पाच जण पुण्याच्या जुन्या वाड्यांवर एक साइट चालवतो. शनिवारवाड्याच्या लेखात मी हौसेने पहिल्याच परिच्छेदात १४ लिंका टाकल्या, बाजीराव, मस्तानी, कसबा पेठ, १८२८ ची आग, नुसतं निळंनिळं. बाबांना वाचायला दिलं तर ते शनिवारवाड्यावरून निघाले ते थेट पानिपतला पोचले आणि परत आलेच नाहीत, वर मलाच विचारतात वाडा जळला कधी! मग मित्राच्या सल्ल्याने लिंकांखालच्या रेघा काढून टाकल्या, रंग काळाच ठेवला, माउस नेला की निळा होतो. आता कोणी क्लिकच करत नाही. काय करू?

बोळातला_बंड्या
मोबाइलवर माउस कुठून आणायचा हो? आणि प्रत्येक लिंकपाशी माणूस जरा थबकतोच, आत जाऊ का पुढे वाचू, असं १४ वेळा झालं की वाक्य कुठं सुरू झालं तेच विसरतो. परिच्छेदात एक-दोन ठेवा, बाकी लेखाच्या खाली. विकिपीडियावर पण सहसा शब्द पहिल्यांदा येतो तिथेच लिंक देतात, दरवेळी नाही.

कानाने_वाचणारा
मला दिसत नाही, मी टॉकबॅक वापरतो, म्हणजे फोन स्क्रीनवरचं वाचून दाखवतो. बऱ्याचदा लेख न ऐकता फक्त लिंकांवरून उड्या मारत जातो आणि मराठी साइटवर ऐकू काय येतं, तर इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, अधिक वाचा, अधिक वाचा. लक्ष्मी रोडवरच्या सगळ्या पाट्यांवर नुसतं 'दुकान' लिहिल्यासारखं. '१८२८ च्या आगीत काय जळलं' एवढं लिंकमधेच लिहा की, दिसणाऱ्यांचीही सोय होईल.

उकार_वेलांटी
रेघ परत आणा. नुसत्या रंगावर राहू नका, रंगांधळ्यांना लिंक कळतच नाही. फक्त एक भानगड आहे, आपल्याकडे वर शिरोरेखा, खाली ही रेघ आणि मधे उकार चेपतात, 'कुंकू' लिहून बघा. सीएसएसमधे, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या कोडमधे, टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट थोडा वाढवा, रेघ खाली सरकते. आणि वाचून झालेल्या लिंकचा जांभळा रंग घालवू नका, नाहीतर बाबा पुन्हा पानिपतला.

पेठकर_२
१४ च्या ३ केल्या, रेघ खाली सरकवली. बाबा आगीपर्यंत पोचले एकदाचे! पण मस्तानीची लिंक तळाला नेली म्हणून ग्रुपमधला एक जण रुसून बसलाय, तिला वर घेऊ का?