साखरपुड्याची अंगठी पांढऱ्या धातूत हवी: प्लॅटिनम की पांढरं सोनं?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर साखरपुडा आहे. होणारी बायको नांदेडला दवाखान्यात नर्स आहे. तिला पिवळं सोनं नको, पांढऱ्या धातूत एकच हिरा हवाय, 30 सेंटच्या (0.30 कॅरेट वजनाच्या) आसपास. बोटाचं माप 14. दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो: खोटे कानातले घातले की तिच्या कानाच्या पाळ्यांवर पुरळ उठतं, आणि ड्युटीवर हातमोजे, सॅनिटायझर, हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण) हे रोजचंच.

बाजारात विचारलं तर एक जण 18 कॅरेट पांढरं सोनं घ्या म्हणतो, दुसरा प्लॅटिनम, तिसरा म्हणतो चांदीत करून वरून रोडियम (पांढऱ्या चकचकीत धातूचा पातळ मुलामा) मारून देतो, कुणाला कळणारसुद्धा नाही. घरात मामांचा हट्ट की 22 कॅरेटच्या खाली सोनं घ्यायचंच नाही. वजनात आणि टिकण्यात नेमका काय फरक पडतो? उद्या माप बदलायचं झालं किंवा मोडायची वेळ आली तर आपल्या भागात ही कामं होतात का?

सराफलाइन (लातूर)

मामांपासून सुरुवात करू. 22 कॅरेटमध्ये हजारात 916 भाग सोनं असतं. उरलेल्या 84 भागांत कोणताही धातू घाला, पिवळेपणा मरत नाही. पांढरं करायचं तर मिसळ जास्त लागते, म्हणून व्यवहारात पांढरं सोनं 18 कॅरेट (750) नाहीतर 14 कॅरेट (585) असतं. शिवाय 22 कॅरेट मऊ. पाटल्या-गोठांना चालतं, पण हिरा धरणारी बारीक नखं त्यात वाकतात आणि खडा हलायला लागतो. कुणी "22 कॅरेट पांढरं" म्हणून दाखवलं तर ते पिवळ्यावर रोडियमचा मुलामा दिलेलं आहे असं समजा.

मामांना विचारायचंच असेल तर उरलेल्या 25 टक्क्यांत काय घातलंय ते विचारू द्या, सगळी मेख तिथे आहे. कारागीर पांढऱ्यासाठी तयार मास्टर अलॉय (मिसळीच्या धातूंचं मिश्रण) आणतो आणि शुद्ध सोन्यात गाळतो. त्याच्या मुख्य जाती दोन. एक निकेलवालं, त्यात निकेलबरोबर तांबं आणि जस्त. दुसरं पॅलॅडियमवालं, म्हणजे प्लॅटिनमच्या कुळातला पांढरा धातू घातलेलं. निकेलवालं स्वस्त पडतं, कडक असतं, म्हणून बाजारात तेच जास्त सापडतं. तुमच्याकडे मात्र त्याच्या दोन्ही दुखऱ्या जागा एकदम आल्यात.

खोट्या दागिन्यांनी कान उठतात त्याचं सर्वांत नेहमीचं कारण निकेल. अंगठी नवी असते तेव्हा रोडियमचा थर मध्ये असतो, काही होत नाही. पुढे तळव्याकडची बाजू घासली गेली की निकेलवालं सोनं थेट कातडीला लागतं, त्यात घाम आणि साबणाचं पाणी अंगठीखाली साचून राहतं, आणि बोटाला गोल चट्टा पडतो. मग घरात "हिला सोनं सोसत नाही" असं सुरू होतं. बिचाऱ्या सोन्याचा त्यात काही संबंध नसतो.

हायपोक्लोराइटचं त्याहून वाईट. क्लोरीन निकेलवाल्या सोन्याच्या मिसळीवर चढतो, आणि धातू जिथे सतत ताणाखाली असतो, म्हणजे हिऱ्यावर दाबून वाकवलेलं नख, तिथे केसासारखी चीर पाडतो. वरून चकचकीत दिसतं आणि एक दिवस नख गळून पडतं. दवाखान्यातलं 1 टक्का द्रावण असो की घरच्या टाकीत टाकायची ब्लीचिंग पावडर, परिणाम तोच.

म्हणून सोन्यात घ्यायचं तर 18 कॅरेट पॅलॅडियमवालं. रंग किंचित करडा असतो, दर जास्त पडतो, गाळायला ताव जास्त लागतो, म्हणून सगळे कारागीर घेत नाहीत. "निकेल-फ्री" हे तोंडी ऐकून सोडू नका, ऑर्डरच्या चिठ्ठीवर लिहून घ्या. अंगठी हातात आली की दुकानातल्या कॅरेटोमीटरवर (धातूंची टक्केवारी दाखवणारं यंत्र) ठेवायला लावा. पडद्यावर सोन्याच्या टक्क्याखाली निकेल आणि पॅलॅडियमचे आकडेही येतात. गिऱ्हाईक सोन्याचा आकडा बघून उठतं, खालच्या ओळी कुणी वाचत नाही.

चांदीचा विषय सोडून द्या. 925 चांदीची नखं झिजतात, वाकतात, आणि रोडियम उडालं की चांदी काळी पडायला लागते. "कुणाला कळणार नाही" म्हणणाऱ्याकडून खरं तर काहीच घेऊ नये.

कसोटी_सिडको (छत्रपती संभाजीनगर)

वजनाचं मी सांगतो. माप 14 म्हणजे आतला घेर साधारण 54 मिलिमीटर. पट्टी 2.5 मिमी रुंद, 1.8 मिमी जाड आणि वरून गोलसर धरली तर धातू भरतो सुमारे 0.23 घन सेंटीमीटर. हीच अंगठी 14 कॅरेट पांढऱ्यात 3 ग्रॅमच्या आसपास, 18 कॅरेटमध्ये साडेतीन ग्रॅम आणि प्लॅटिनम 950 मध्ये 4.7 ग्रॅम. हिऱ्याची बैठक यात धरलेली नाही. म्हणजे डिझाइन तेच ठेवून प्लॅटिनम एक तृतीयांशाने जड जातं. 2015 नंतर प्लॅटिनमचा ग्रॅमचा दर सोन्याच्या खाली आहे, म्हणून लोकांना वाटतं स्वस्तात पडेल. पण वजन जास्त आणि मजुरी सोन्यापेक्षा बरीच चढी. दर विचारूच नका, त्याच मापाच्या, त्याच जाडीच्या अंगठीची मजुरी आणि 3 टक्के जीएसटी धरून एकूण रक्कम विचारा. तरच तुलना होते.

तुमच्या दोन्ही अटींना प्लॅटिनम सरळ उत्तर देतं. 95 टक्के प्लॅटिनम, उरलेल्यात बहुधा रुथेनियम, इरिडियम किंवा कोबाल्ट, निकेल नाही. क्लोरीनचं त्याला काही होत नाही. पांढरं मुळातच, वरून मुलामा लागत नाही. (कोबाल्टवालं चुंबकाला जरासं ओढतं. घरी चुंबक लावून कुणी "खोटं निघालं" म्हणून घाबरवलं तर घाबरू नका.)

ओरखड्यांबद्दल मात्र गैरसमज फार. प्लॅटिनमला ओरखडा पडतच नाही असं दुकानदार सांगायलेत, ते खरं नाही. 18 कॅरेट निकेलवाल्या सोन्यापेक्षा ते मऊ आहे आणि ओरखडे लवकर दिसतात. फरक असा की सोन्याचा ओरखडा म्हणजे थोडा धातू गेला, प्लॅटिनमचा धातू बाजूला सरकतो पण अंगठीवरच राहतो. त्यामुळे वजन फारसं घटत नाही, चकाकी जाऊन मंद राखाडी झाक येते. ती झाक तिला आवडणार आहे का, हे आत्ताच विचारून घ्या. आरशासारखी चमक हवी असेल तर दर वर्षी पॉलिश आलं. नखं मात्र प्लॅटिनमचीच चांगली. धक्का बसला तर वाकतात, तुटत नाहीत.

आता अडचण. सोनं 1064 अंशाला वितळतं, प्लॅटिनम 1768 ला. परभणी-हिंगोलीतल्या साध्या गॅसच्या नळीवर त्याला डाग देता (म्हणजे वितळवून सांधा जोडता) येत नाही. कुणी जबरदस्तीने केलंच तर सोन्याच्या कामाच्याच कोळशावर आणि मुशीत करेल. त्या तापमानाला कार्बन, सिलिकॉन धातूत शिरतात, सांधा ठिसूळ होतो आणि महिन्याभरात तिथेच तडकतो. या कामाला वेगळी हत्यारं, वेगळ्या कानशी आणि बहुतेकदा लेझर लागतो. अंगठी ज्या दुकानातून घेतली तिथूनच ती मुंबईला जाते आणि परत येते. दोन-तीन आठवडे धरा.

पूर्णाकाठ (परभणी)

दोघांचे आभार. मामांना 84 भागांचा हिशेब दाखवला, सध्या गप्प आहेत. प्लॅटिनमकडे कल होता, पण मापासाठी दर वेळी मुंबई म्हणजे अवघड. निकेल-फ्री 18 कॅरेट घेतलं तर रोडियम मारायलाच हवं का? मारलं तर किती टिकतं, आणि इकडे कोण नीट करतं? हॉलमार्कचंही कुणीतरी सांगा.

रोडियमवाला (जालना)

पॅलॅडियमवाल्याला सक्ती नाही. तिला पांढराशुभ्र रंगच हवा असेल तर मारा. करडा चालत असेल तर पहिल्यापासून न मारताच घ्या, दर वर्षाची कटकट वाचते. एकदा मारलं की मागे फिरता येत नाही असं नाही, पण थर उडताना तळव्याकडे एक रंग, वर दुसरा रंग असं महिनोन् महिने दिसतं.

रोजच्या वापरात अंगठीवरचा थर वर्ष ते दोन वर्षं धरतो. कानातल्यांना, पेंडंटला कितीतरी जास्त. घासणं कमी ना. तुमच्याकडे हात धुणं आणि हातमोजे इतके आहेत की वर्षच धरा.

नीट करणारा कोण, हे ओळखायची एक खूण: तो अंगठी कोणत्या पाण्यात बुडवतो ते बघा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, क्षार भरपूर. पॉलिश, मग गरम साबणाच्या द्रावणात अल्ट्रासॉनिक, मग विजेवरची सफाई, मग सौम्य सल्फ्युरिक आम्लाची बुडी, आणि शेवटी रोडियमचं भांडं. यातल्या प्रत्येक पायरीनंतर डिस्टिल्ड पाण्यातच धुवायला हवं. नळाच्या पाण्याचा थेंब भांड्यात गेला की रोडियमचं द्रावण बिघडायला लागतं, थर धुरकट बसतो, कडेला काळसर पट्टा येतो. भांड्यात लिटरला साधारण 2 ग्रॅम रोडियम, तापमान 40 ते 45 अंश, 2 ते 3 व्होल्ट आणि वेळ मिनिटभर. "जास्त वेळ ठेवतो, जाड थर देतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. जाड थराला आतून ताण येतो, बारीक भेगा पडतात आणि पापुद्रे सुटतात.

आणखी एक. दर वेळी रोडियमच्या आधी पॉलिश होतं, पॉलिशमध्ये सोनं जातं. नखांची टोकं त्यात झिजतात. दोन-तीन वेळा झालं की भिंगाखाली नखं बघायला सांगा, टोकं हिऱ्यावर पातळ झाली असतील तर त्यांना आधी डाग देऊन भरून घ्यायचं, रोडियम नंतर.

हिशेबी (नांदेड)

हॉलमार्क: 1 एप्रिल 2023 पासून सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी (प्रत्येक नगाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लागतो. अंगठीच्या आतल्या बाजूला तीन गोष्टी दिसायला हव्यात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, 18 कॅरेट 750, आणि तो सहा खुणांचा क्रमांक. बीआयएस केअर या ॲपमध्ये क्रमांक टाका. दागिन्याचा प्रकार "अंगठी"च आला पाहिजे, शुद्धता 750च. हॉलमार्कचा खर्च नगामागे 45 रुपये अधिक जीएसटी, त्यापेक्षा जास्त कुणी लावत असेल तर विचारा. 2 ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला सक्ती नाही, तुमची साडेतीन ग्रॅमची आहे, त्यामुळे ही सबब चालणार नाही. वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असलेल्या छोट्या सराफांनाही सूट आहे. तिथे घेणार असाल तर हॉलमार्क करून द्या ही अट आधीच घाला.

प्लॅटिनमला ही सक्ती लागू नाही. त्यावर 950 चा शिक्का आणि सोबत प्रमाणपत्राचं कार्ड येतं. कार्ड हरवलं की मोडीत किंमत पाडून मागतात.

मोडीचं गणित रोकडं आहे. 18 कॅरेट 750 परभणीतला कोणताही सराफ घेईल, साडेतीन ग्रॅममागे 2.6 ग्रॅम शुद्ध सोनं धरून. निकेल आहे की पॅलॅडियम याने त्याला फरक पडत नाही, पॅलॅडियमचे पैसे वेगळे मिळत नाहीत. प्लॅटिनम कसोटीच्या दगडावर नेहमीच्या तेजाबाने नीट कळत नाही, म्हणून लहान दुकानदार हात लावत नाही. ज्याने विकली त्यालाच परत द्यावी लागते, आणि तो किती टक्के कापणार हे बिलावर छापलेलं असेल तरच भांडता येतं. मजुरी दोन्हीकडे बुडते.

बिलात निव्वळ वजन आणि हिऱ्याचं वजन वेगवेगळं लिहिलेलं असावं. 30 सेंटचा हिरा 0.06 ग्रॅम भरतो. लहान वाटतं, पण हिरा सोन्याच्या भावाने तोलणारे आहेत.

माप बदलताना अंगठी एचयूआयडीच्या समोरच्या बाजूला कापायला सांगा, नाहीतर कानस फिरली की क्रमांक गेला. आणि डाग 18 कॅरेट पांढऱ्याचाच. पिवळा डाग रोडियमखाली लपतो, वर्षाने रेघ उघडी पडते.

सराफलाइन (लातूर)

एक राहिलं होतं, बैठकीचं. हातमोज्यांचं काम आहे तर उभी नखं नकोत. मोजा फाटतो, नखात धागा अडकून ते उचकतं. बंद बैठक करा, म्हणजे हिऱ्याभोवती सलग कडी दाबून बसवायची. 30 सेंटचा गोल हिरा 4.3 मिमी रुंद आणि 2.6 मिमीच्या आसपास खोल असतो, त्यामुळे बोटापासून एकूण उंची 4 मिमीच्या जवळ ठेवता येते. पॅलॅडियमवालं सोनं आणि प्लॅटिनम दोन्ही या कामाला मऊ, कडी नीट बसते. निकेलवालं स्प्रिंगसारखं उसळतं, तिथे कारागीर जोर लावतो आणि हिऱ्याची कड उडते. खालून मात्र भोक मोकळं ठेवायला सांगा. ते बंद असलं की साबण, क्रीम, पाण्यातले क्षार हिऱ्याच्या मागे साचतात आणि हिरा काचेसारखा दिसायला लागतो.

ऑपरेशन थिएटरमध्ये अंगठी काढावीच लागते, तेव्हा डबी बरोबर ठेवा, ॲप्रनचा खिसा नको. सफाईला कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ ब्रश, तोही खालच्या भोकातून. टूथपेस्ट लावू नका, ती घासते. आणि महिन्यातून एकदा अंगठी कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारा. खडखड आली तर बोटात न घालता सरळ दुकानात.