गोल्ड लोन एकदा सर्च केलं, आता वडिलांच्या मोबाईलवर पण त्याच जाहिराती, काय करायचं?

यावलची_लेक:

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातून लिहितेय. लहान बहिणीचं लग्न ठरलंय आणि नेमका कापणीच्या तोंडावर केळीचा भाव पडला, म्हणून मी आणि आईनं ठरवलं की तिची पोत गहाण ठेवून पैसे उभे करायचे आणि केळीची पट्टी, म्हणजे मालाचे पैसे आले की सोडवून आणायची. आप्पांना एवढ्यात सांगायचं नव्हतं. त्यांना बीपी आहे, आणि घरातलं सोनं गहाण पडतंय म्हटल्यावर ते लग्नच पुढे ढकलतील हे आम्हा दोघींना पक्कं माहितीये. मी माझ्या मोबाईलवर व्याजदर बघितले, एका कर्जाच्या साईटवर किती तोळ्याला किती रक्कम बसते ते बघायला नाव आणि नंबर टाकला, एवढंच.

तेव्हापासून यूट्यूब, फेसबुक, बातम्यांची साईट, जिथं जाईन तिथं गोल्ड लोन. फोन पण येऊन राहिलेत, सकाळी स्वयंपाकात असते तेव्हापासून सुरू. ते एक वेळ सहन केलं असतं, पण काल आप्पा ओट्यावर बसून बाजारभाव बघत होते आणि त्यांच्या मोबाईलवर तीच जाहिरात, घरबसल्या सोन्यावर कर्ज. चष्मा वर करून मला विचारलं, काय गं हे सोनं सोनं सारखं काय दाखवतंय. मी विषय बदलला पण पोटात गोळा आला.

त्यांनी तर काहीच सर्च केलेलं नाही, मग त्यांच्या फोनवर कसं गेलं? आई आणि मी स्वयंपाकघरात बोलतो ते मोबाईल ऐकतो का? आणि हे बंद होतं का, की आता कायमचंच मागे लागलं?

एमएच_१९:

ताई, मोबाईल ऐकतोच, शंभर टक्के. मी मित्राशी ट्रॅक्टरच्या टायरबद्दल बोललो आणि संध्याकाळी टायरची जाहिरात. सगळ्या अ‍ॅपचं माईक बंद करा, इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या गुप्त खिडकीत सर्च करत जा आणि एखादं फुकटचं व्हीपीएन, म्हणजे नेटचा रस्ता बदलणारं अ‍ॅप टाका. प्रश्न मिटला.

तापीकाठ:

ताई, मी मूळचा भुसावळचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, काही वर्षं जाहिरातींच्याच कामात होतो. जरा मोठं लिहितो पण नीट वाचा, कारण वरच्या भाऊंचे उपाय केले तर तुमची अडचण आहे तशीच राहील.

आधी माईकचं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या लोकांनी सतरा हजारांवर अँड्रॉइड अ‍ॅप तपासले होते, त्यात गुपचूप आवाज रेकॉर्ड करून पाठवणारं एकही सापडलं नाही. उलट काही अ‍ॅप स्क्रीनचे फोटो आणि व्हिडिओ बाहेर पाठवताना सापडले. माईकची परवानगी गरज नसलेल्या अ‍ॅपकडून काढून घ्या, त्यात तोटा काहीच नाही, पण इथं माईकला धरणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकायची त्यांना गरजच पडत नाही, तुम्ही काय बघितलं आणि काय टाईप केलं तेवढ्यावर त्यांचं भागतं.

तुम्ही ती साईट उघडली तेव्हा तिथं फक्त त्या कंपनीचं पान नव्हतं. अशा पानात फेसबुकचा, गुगलचा, अजून कुठल्या कुठल्या जाहिरात कंपन्यांचा छोटा कोड लपवलेला असतो, त्याला पिक्सेल म्हणतात. तो तुमच्या ब्राउझरमध्ये कुकी ठेवतो, म्हणजे एक ओळख नंबर. कुकी १९९४ मध्ये नेटस्केपच्या माणसानं काढली ती साईटला तुमचं आधीचं लक्षात राहावं म्हणून, जाहिरातवाल्यांनी तिचा असा वापर नंतर सुरू केला. आता तुम्ही बातम्यांची साईट उघडता तेव्हा तिथल्या जाहिरातीच्या रिकाम्या जागेसाठी त्या नंबरवर बोली लागते, नंदुरबारच्या बाजार समितीत मिरचीच्या ढिगावर लागते तशीच, फक्त इथं सगळा लिलाव सेकंदाच्या दहाव्या भागात उरकतो आणि ढीग म्हणजे तुम्ही. सोन्यावर कर्ज शोधणारी बाई म्हटल्यावर कर्जवाले जास्त बोली लावतात.

पण तुमच्या बाबतीत कुकीपेक्षा मोठी गोष्ट आहे ती म्हणजे तुम्ही टाकलेला मोबाईल नंबर. कंपन्या आपल्याकडच्या नंबरांची यादी फेसबुक, गुगलला देतात, नंबर थेट न देता त्याचा सांकेतिक कोड करून देतात, आणि तिकडे ज्यांचं अकाउंट त्या नंबरवर आहे त्यांना जाहिरात दिसते. याला कुकीची गरजच लागत नाही. तुम्ही हिस्ट्री पुसा, नवा ब्राउझर टाका, नंबर तोच आहे तोवर माणूस तोच. आणि तुलना करून देणाऱ्या साईट तोच नंबर चार कर्जवाल्यांना देतात, म्हणून ते फोन.

इनकॉग्निटोनं फक्त तुमच्या मोबाईलमध्ये हिस्ट्री राहत नाही, समोरच्या साईटला तुम्ही दिसताच. यावरूनच २०२० मध्ये गुगलवर अमेरिकेत केस झाली आणि २०२४ मध्ये तडजोडीत त्यांना जुना साठवलेला डेटा नष्ट करायचं कबूल करावं लागलं. व्हीपीएननं आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या नेट कनेक्शनचा नंबर बदलतो, पण तुम्ही जीमेलनं लॉगिन असाल तर गुगलला काय फरक पडतो? आणि फुकटच्या व्हीपीएनवाल्याच्या हातातून तुमचं सगळं जातं, तो पैसे कुठून काढतो याचा विचार करा.

आता मला एक सांगा, आप्पांच्या फोनमध्ये कुठला जीमेल आहे?

यावलची_लेक:

दादा, माझाच. फोन घेतला तेव्हा दुकानदारानं विचारलं जीमेल आहे का, आप्पांचा नव्हता, मग त्यानं माझ्यावरूनच चालू करून दिला. घरी वायफाय पण एकच आहे.

तापीकाठ:

मग तिथंच आहे सगळं. गुगलच्या हिशोबात तुम्ही आणि आप्पा एकच माणूस. खेड्यापाड्यात निम्म्या घरांत हेच असतं, पोराच्या जीमेलवर बापाचा फोन, भावाच्या जीमेलवर टीव्ही. त्यात एक वायफाय असला की बाहेरून घरातल्या सगळ्या फोनचा आयपी एकच दिसतो, त्यावरूनही काही कंपन्या हे एकाच घरातले असा अंदाज बांधतात.

पहिलं काम आजच करा. आप्पांच्या नावानं वेगळा जीमेल काढा, त्यांच्या फोनमधून तुमचा काढून तो टाका. काढायच्या आधी कॉन्टॅक्ट आणि फोटो कुठल्या अकाउंटवर सेव्ह आहेत ते बघा, नाहीतर त्यांचे नंबर गायब होतील आणि अजून चौकशी होईल.

मग तुमच्या गुगल अकाउंटमध्ये माय अ‍ॅड सेंटर उघडा, तिथं पर्सनलाइज्ड जाहिराती बंद करायचं बटण वरच असतं. ते पूर्ण बंद करायचं नसेल तर गोल्ड लोनची जाहिरात दिसली की तिच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवरून ती ब्लॉक करता येते. वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटीमधून त्या दिवसांचं सर्च पण पुसून टाका, यूट्यूबची हिस्ट्री पण.

फोनच्या सेटिंगमध्ये गुगल, त्यात अ‍ॅड्स, त्यात अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करा असं येतं. हा फोनचा ओळख नंबर सगळ्या अ‍ॅपमध्ये तुम्हाला ओळखायला वापरतात. डिलीट केला की अ‍ॅपला नुसते शून्य दिसतात. दोन्ही फोनवर करा.

फेसबुकच्या अकाउंट सेंटरमध्ये, मेटाच्या (म्हणजे फेसबुकच्या कंपनीच्या) बाहेरची तुमची अ‍ॅक्टिव्हिटी असं सेटिंग आहे, ते उघडून यादी बघाच एकदा. कुठल्या कुठल्या साईट आणि अ‍ॅपनी तुमच्याबद्दल फेसबुकला कळवलंय ते नावानिशी दिसतं. ती पुसा आणि पुढचीही जोडणी तोडा.

ब्राउझरचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, अँड्रॉइडवर फायरफॉक्स टाका आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती अडवणारा ब्लॉकर जोडा. मोबाईलवरच्या क्रोममध्ये असं जोडायचं एक्स्टेंशन टाकताच येत नाही, आणि कॉम्प्युटरवरच्या क्रोममधून गुगलनं नवे नियम आणून जुना यूब्लॉक बाद केला, आता तिथं त्याची लाईट आवृत्तीच चालते. सफारी २०२० पासून बाहेरच्या कंपन्यांच्या कुकी आपोआप अडवते, फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक साईटच्या कुकी वेगळ्या डब्यात कोंडून ठेवतो. गुगलनं २०२० मध्येच सांगितलं होतं की क्रोममधून या कुकी काढू, तारखा ढकलत ढकलत शेवटी २०२४ मध्ये माघार घेतली. क्रोमच वापरायचा असेल तर सेटिंगमध्ये थर्ड पार्टी, म्हणजे याच बाहेरच्या कंपन्यांच्या कुकी ब्लॉक करा, हातानं करावं लागतं, आपोआप होत नाही.

गिरणाकाठ:

तापीकाठ भाऊंनी बठ्ठं बराबर सांगं. आमना घर बी हाईच चालू शे, पोरगाना मोबाईलनं आम्हले दिसस.

ताई, मी पाचोऱ्याकडचा, पतसंस्थेत काम करतो, म्हणून एक वेगळी गोष्ट सांगतो, ती जास्त महत्त्वाची. जाहिरातीवरून कुठलंही कर्जाचं अ‍ॅप डाऊनलोड करू नका. साईटवर नंबर टाकला तर फोन येतात, पण असल्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट आणि गॅलरीची परवानगी दिली की अख्खं नातेवाईकांचं गणगोत त्यांच्या हातात जातं, आणि हप्ता चुकला की तुमच्या मामाला आणि सोयऱ्यांना फोन जातात. लग्नघरात हे किती महागात पडेल विचार करा. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम काढलेत, त्यात स्पष्ट आहे की कर्जाच्या अ‍ॅपनं कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग, फोटो फाईल यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माईक, लोकेशन फक्त केवायसीपुरतं एकदाच, तेही तुम्हाला विचारून. जे अ‍ॅप याच्यापलीकडे मागतं ते तिथंच उडवा. पैसे अडकले किंवा धमकी आली तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन.

पोतीचं म्हणाल तर सरळ तालुक्याच्या बँकेत आईला घेऊन जा, समोर वजन करून घ्या, पावती घ्या. मोबाईलवर कुणाला काही कळायचं कारण नाही.

अमळनेर_वार्ता:

वाचून वाईट वाटलं, पण दुसरी बाजू पण मांडतो. मी तालुक्याच्या बातम्यांचं छोटं पोर्टल चालवतो. बाजारभाव, पाणी सुटलं का, नगरपालिकेचं काय चाललंय, हे मोठे पेपर देत नाहीत ते मी देतो. त्याचे पैसे कुणी वाचक देत नाही, जाहिरातीतूनच येतात. तुम्ही सगळ्यांनी ब्लॉकर टाकले तर माझ्यासारखे आधी बंद पडतील, मोठ्यांना काही होणार नाही. आणि सगळ्याच जाहिराती वाईट नसतात, ठिबकवर सूट असते ती शेतकऱ्याला जाहिरातीतूनच कळते ना?

तापीकाठ:

साहेब, तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. तालुक्याची बातमी टिकली पाहिजे असं मलाही मनापासून वाटतं. पण जाहिरात आणि पाळत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या बाजारभावाच्या पानावर ठिबकची जाहिरात लावायला वाचक कोण आहे, त्यानं काल रात्री काय सर्च केलं हे कळायची गरजच काय? पान केळीचं आहे म्हणून ठिबकची जाहिरात, इतकं पुरतं. पेपरात शंभर वर्षं तेच चाललं, गावातला सराफ पेपरात जाहिरात देत होता आणि पेपर कुणाच्या घरात डोकावत नव्हता. तुमच्या पोर्टलवर जळगावच्या दुकानदाराची थेट जाहिरात लावा, नुसतं चित्र आणि नंबर, मधला दलाल नको. अशी जाहिरात ब्लॉकर बहुतेक वेळा अडवत पण नाही. आणि विश्वासाच्या साईटसाठी यूब्लॉक बंद ठेवता येतो, मी स्वतः दोन-तीन मराठी साईटना तशी सूट दिलीये.

ज्यांना वाटतं माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे, त्यांनी ताईंचा प्रश्न परत वाचावा. त्यांनी कुठलाही गुन्हा केलेला नाही. वडिलांची तब्येत बघून एक गोष्ट कधी सांगायची हे मुलगी आणि आई ठरवतायत, आणि एक कंपनी ते ओट्यावर जाऊन सांगते. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं ते अशाच घरांसाठी.

एमएच_१९:

मान्य, माईकचं मी ऐकीव बोललो. पण मग टायरचं कसं झालं?

तापीकाठ:

भाऊ, तुम्ही बोलायच्या आधी किंवा नंतर तुमच्या मित्रानं टायर सर्च केले असणार, तुम्ही दोघं एकाच ठिकाणी, कदाचित एकाच हॉटस्पॉटवर. आणि दिवसभरात शंभर जाहिराती दिसतात त्यातल्या न जुळणाऱ्या आपण विसरतो, जुळलेली एक लक्षात राहते.

यावलची_लेक:

सगळ्यांचे खूप आभार. आप्पांचा वेगळा जीमेल काढला, कॉन्टॅक्ट आधी सिममध्ये घेतले. दोन्ही फोनचा अ‍ॅड आयडी डिलीट केला. फेसबुकवरची ती यादी बघून अंगावर काटा आला, बियाण्याचं दुकान, बहिणीच्या परीक्षेची साईट, मेडिकलचं अ‍ॅप, सगळं त्यात. आप्पांच्या फोनवर आता साध्या जाहिराती येतात. बँकेत सोमवारी जातोय आई आणि मी.

दोन गोष्टी राहिल्या. फोन अजून येतातच. आणि भाचा आमच्याकडे असतो, आठवीत आहे, त्याच्या टॅबवर काय करायचं? मुलांसाठी कायदा आहे असं ऐकलं.

गिरणाकाठ:

फोनसाठी १९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद लावा, ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) डीएनडी अ‍ॅपवरूनही होतं, आणि लावल्यावरही कुणी फोन केला तर त्याच अ‍ॅपमधून नंबरची तक्रार टाका. ज्या साईटवर नंबर दिला होता तिथं तक्रार निवारणाचा मेल दिलेला असतो, त्यावर लेखी कळवा की माझी संमती मागे घेतेय, माझी माहिती काढून टाका. मेल जपून ठेवा.

तापीकाठ:

कायदा आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं या दोन्हीला मनाई करतो, दंड पण कोटींमध्ये आहे. पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षानं लागू व्हायची आहेत, म्हणून तोवर आपणच बघायचं. भाच्याचं खरं वय टाकून वेगळं अकाउंट करा, गुगलच्या फॅमिली लिंक या पालकांच्या अ‍ॅपनं ते तुमच्या किंवा त्याच्या आईच्या अकाउंटला जोडा, लहान मुलांच्या अकाउंटवर गुगल पर्सनलाइज्ड जाहिराती दाखवत नाही. पोरं यूट्यूब बघता यावं म्हणून वय वाढवून टाकतात, ते आधी तपासा. आणि टॅबच्या नेटवर्क सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस आहे (साईटच्या नावावरून तिचा पत्ता कुणाला विचारायचा ते तिथं ठरतं), अँड्रॉइड ९ पासून सगळ्यांत असतं, तिथं अ‍ॅडगार्ड या जाहिराती अडवणाऱ्या सेवेचा पत्ता टाकला की अ‍ॅपमधल्या पण बऱ्याच जाहिराती आणि ट्रॅकर अडतात. यूट्यूबच्या जाहिराती त्यानं जात नाहीत. शाळेचं अ‍ॅप अडलं तर ते सेटिंग तेवढ्यापुरतं बंद करून बघा. पत्ता अ‍ॅडगार्डच्या साईटवरूनच घ्या, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला टाकू नका.