शब्दचर्चा : ‘महासमूहांवरून विश्वाची घनता’ म्हणजे काय?

प्रश्न : ‘दीर्घिकांच्या महासमूहांवरून विश्वाची घनता काढतात’ असे वाक्य वाचनात आले. महासमूह म्हणजे दीर्घिकांच्या (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड मेळाव्यांच्या) अनेक समूहांचा समूह, म्हणजे मुळातच दाटीची जागा; तिच्यावरून सबंध विश्वाची घनता कशी ठरेल? येथे ‘घनता’ निराळ्या अर्थाने आली आहे का?

उत्तर : अर्थ शाळेत शिकलो तोच आहे, एकक घनफळातील वस्तुमान. घोटाळा ‘वरून’मुळे होतो. महासमूहाची स्वतःची घनता विश्वाला लावायची नसते. तेथून घ्यायचे असते ते वस्तुमान आणि प्रकाश यांचे गुणोत्तर. दीर्घिकांच्या गतींवरून कृष्णद्रव्यासह (न दिसणाऱ्या, केवळ गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या द्रव्यासह) एकूण वस्तुमान अजमावता येते, त्यांचा प्रकाश मोजता येतो आणि या गुणोत्तराने विश्वाच्या एकक घनफळातील सरासरी प्रकाशाला गुणले की सरासरी घनता मिळते. एकट्या दीर्घिकेत हे गुणोत्तर लहान येते, समूहात मोठे होते आणि त्यापुढे फारसे वाढत नाही. म्हणून एवढ्या मोठ्या पसाऱ्यातले गुणोत्तर सबंध विश्वाचे मानता येते; महासमूहांचे मोल त्यातच आहे.

मात्र वाक्यात ‘विश्वातील द्रव्याची घनता’ असे हवे होते. या रीतीने क्रांतिक घनतेच्या (विश्वाची भूमिती सपाट असण्यासाठी लागणाऱ्या घनतेच्या) साधारण पाव ते एकतृतीयांश एवढेच द्रव्य हाती लागते, कारण सर्वत्र सारखी पसरलेली कृष्णऊर्जा, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी अज्ञात ऊर्जा, या मोजणीत येतच नाही. मुळात क्रांतिक घनता तरी केवढी, तर घनमीटरमागे हायड्रोजनचे जेमतेम पाच अणू!

प्रतिप्रश्न : ‘समूह’ म्हटल्यावर सगळे एकमेकांना बांधलेले असतात, असे समजावे का?

उत्तर : दीर्घिकांच्या समूहाबाबत होय, महासमूहाबाबत सहसा नाही. आपल्या पुण्यातील आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांतील संशोधकांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला ‘सरस्वती’ महासमूह पाहा. मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेला हा महासमूह सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे पसरलेला असून त्याचे वस्तुमान दोन कोटी अब्ज सूर्यांइतके आहे. तरीही गुरुत्वाकर्षणाने खरोखर बांधलेला आहे तो त्याचा गाभा. बाकीच्या भागावर विश्वाच्या प्रसरणाचा जोर चालतो. त्यामुळे स्थिरावलेल्या समूहाचे गणित तेथे जसेच्या तसे लावता येत नाही. घटक समूहांची वस्तुमाने वेगळी काढून त्यांची बेरीज करावी लागते किंवा गाभ्याकडे ओढल्या जाणाऱ्या दीर्घिकांच्या गतींचा हिशेब मांडावा लागतो. माझ्या मते म्हणूनच त्या वाक्यात ‘काढतात’ऐवजी ‘अजमावतात’ हे क्रियापद योग्य ठरेल.