झुबिन मेहता आपले कसे काय?

मध्यलय:
पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे कंडक्टर (हातातल्या काडीने वादकांना चालवणारे) झुबिन मेहता यांचं नाव निघालं की आपल्याकडे ठरलेलं वाक्य येतं, ‘आपला मुंबईचा पोरगा, जगभरच्या ऑर्केस्ट्रांना नाचवतो.’ मला यातलं ‘आपला’ही खटकतं आणि ‘नाचवतो’ही. जन्म १९३६चा, मुंबईतला. झेवियर्समध्ये डॉक्टरकीच्या वाटेवरचं शिक्षण अर्धवट टाकून १९५४ साली, अठराव्या वर्षी, व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्कींकडे कंडक्टिंग शिकायला. मग मॉन्ट्रियल, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, फ्लोरेन्स, म्युनिक. यात मुंबईचा वाटा जन्मदाखल्यापुरता.
मला थोर वाटतं ते वेगळंच. इस्रायल फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासमोर हा माणूस पहिल्यांदा १९६१ साली उभा राहिला, १९६९ला सल्लागार झाला, १९७७ला संगीत दिग्दर्शक, १९८१ला तहहयात नेमणूक, आणि २०१९ला स्वतःहून निवृत्त. वादकांच्या पिढ्या बदलल्या, हा तिथेच. विमानातून उतरून दोन तालमी, एक कार्यक्रम, पुन्हा विमान अशा काळात हे दुर्मीळ आहे.

ठाकूरद्वार:
जन्मदाखला म्हणे! वडील मेहली मेहता स्वतःच्या हिकमतीने व्हायोलिन शिकले आणि १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पोरगं तालमी ऐकतच वाढलं, सोळाव्या वर्षी वडिलांच्या वाद्यवृंदाची तालीमही घेऊ लागलं. एखाद्या गवयाच्या बाबतीत हेच असतं तर ‘घरातच तालीम’ म्हणून आपण कानाची पाळी धरली असती. भारताचं नागरिकत्वही त्यांनी सोडलं नाही. अजून काय हवं?

तिखट_शेव:
प्रामाणिक शंका, चिडू नका. प्रत्येक वादकासमोर कागद आहे, सगळे वर्षानुवर्षं वाजवतायत. मग हा काडीवाला नक्की करतो काय? तबलजीला कुणी समोरून हात दाखवत नाही!

म्युनिकवासी:
तबल्याचंच घेऊ. गवई मुखड्याला जरा रेंगाळला तर तबलजी ऐकून सांभाळतो, कारण सांभाळणारा तो एकटा असतो. ऑपेरात हेच साठ-सत्तर जणांनी एकाच क्षणी करायचं असतं, तेही रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून, जिथून अनेकांना गायक दिसतही नाही. शिवाय वादकासमोरच्या कागदावर फक्त त्याची ओळ असते, सगळ्यांच्या ओळी एकत्र असतात त्या कंडक्टरपुढे. गायिकेचा श्वास आज कमी पडणार हे त्याला आधी कळावं लागतं. आवाज निघायच्या आधीचा जो हात वर जातो ना, लय त्यातच ठरते. खाली येणाऱ्या हाताकडे बघणाऱ्याला उशीर झालेला असतो.
मेहता इथल्या ऑपेरात १९९८ ते २००६ होते. उभ्याच्या स्वस्त तिकिटावर वरच्या माळ्यावरून मी रंगमंच कमी आणि खड्डाच जास्त बघितलाय. (मानेला अजून रग लागते.) उगाच हातवारे नाहीत. डावा हात कितीतरी वेळ नुसता पडून असायचा.

तिखट_शेव:
बरं, काडी मान्य. पण मग मेहतांनी चालवलेलं ते थ्री टेनर्स, म्हणजे पावारोत्तींसह तीन ऑपेरा गायकांचं? रोममध्ये १९९०ला, फुटबॉल वर्ल्डकपच्या फायनलच्या आदल्या रात्री, तीन स्टार उभे करून निवडक गाण्यांचा जलसा. आधी नसेल नाचवलं, तिथे तर नाचवलंच.

ठाकूरद्वार:
त्या जलशामुळे किती लोक पहिल्यांदा ऑपेराकडे वळले ते बघा. माझ्यासकट.

मांडवी:
तुमचं आपलं-परकं चालू द्या, पण मुंबईचा उल्लेख झालाय म्हणून. त्या शहरात पाश्चात्त्य नोटेशन वाचून वाजवणाऱ्यांत आमचे गोंयकार किती होते! पोट चालायचं सिनेमाच्या रेकॉर्डिंगवर. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू), शंकर-जयकिशनकडचे सेबॅस्टियन डिसोझा. हेही वादकांना हाताने चालवायचे. त्यांच्यासाठी कुणी ‘आपला पोरगा’ म्हणत नाही. मुंबईला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया मिळाला तो २००६ला, आणि मेहता त्याच्यासमोर उभे राहिले २०२३ साली, सत्त्याऐंशीव्या वर्षी.

मध्यलय:
मांडवी, शंभर टक्के. हे मूळ लेखात यायला हवं होतं, माझी चूक.
आता माझ्याच मुद्द्याला अडचणीचं एक सांगतो. तहहयात नेमणूक झाली त्याच १९८१ साली मेहतांनी तेल अवीवमध्ये कार्यक्रम संपल्यावर वाग्नरचं संगीत वाजवायला घेतलं. त्या वाद्यवृंदाने १९३८पासून वाग्नर बंद ठेवला होता, कारण हा जर्मन संगीतकार ज्यूद्वेष्टा आणि हिटलरचा लाडका. ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी खुशाल जावं, असं त्यांनी आधी सांगितलंही. तरी छळछावण्यांच्या काळातून वाचलेला एक गृहस्थ मंचापाशी गेला आणि अंगावरचे व्रण दाखवू लागला.

ठाकूरद्वार:
इथे मी मेहतांच्या विरोधात. तिकीट काढताना लोकांना माहीत नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर ‘हवं तर जा’ म्हणणं म्हणजे पान वाढून झाल्यावर उठ म्हणण्यासारखं.

मध्यलय:
पण आधी जाहीर केलं असतं तर वाजवूच दिलं नसतं. पाहुण्या कंडक्टरने हे धाडस केलं असतं तर उद्धटपणा ठरला असता. यांनी घरातला माणूस म्हणून केलं, आणि घरातल्यांनी त्यांना घराबाहेर काढलं नाही. चूक की बरोबर, माझं अजून ठरत नाही.

म्युनिकवासी:
तिखट_शेव, तुमच्या थ्री टेनर्सबद्दल राहिलं. त्यातलं पावारोत्तींचं ‘नेसुन दोर्मा’ हे गाणं पुच्चिनीच्या ‘तुरांदोत’ या ऑपेरामधलं. मेहतांनी १९७२ साली पावारोत्तींनाच घेऊन तो अख्खा ऑपेरा रेकॉर्ड केला होता, आणि नव्वदच्या वर्ल्डकपला बीबीसीने वाजवलं तेही त्याच रेकॉर्डिंगमधलं. एक काम करा. तिसरा अंक सुरुवातीपासून लावा आणि गाणं संपल्यावर बंद करू नका.

तिखट_शेव:
ऐकलं. टाळ्या वाजवायला जागाच नाही ठेवलेली, सरळ पुढे निघून जातो. रोमच्या जलशात तिथे थांबले होते ना?

म्युनिकवासी:
हो. जलशासाठी शेवट वेगळा जोडतात.