धर्मयुद्ध कमी, राजकारण जास्त

मंगोल सरदार हुलागूची (चंगीजखानाचा नातू) पश्चिम आशियावरची स्वारी म्हणजे क्रुसेडचाच, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्त्यांनी मुसलमानांविरुद्ध पुकारलेल्या धर्मयुद्धाचाच पुढचा अंक, असं काही जण म्हणतात. पटत नाही. त्याची बायको दोकुझ खातून नेस्टोरियन (पूर्वेकडच्या एका पंथाची) ख्रिस्ती होती, सेनापती कितबुकाही ख्रिस्तीच, आणि १२५८ मध्ये खलिफाचं बगदाद हुलागूपुढे पडलं तेव्हा तिथल्या ख्रिस्त्यांना अभय मिळालं, हे सगळं खरं. अँटिओकचा बोहेमंड आणि आर्मेनियाचा हेथुम हे ख्रिस्ती राज्यकर्ते तर मंगोलांच्या गोटातच होते. पण एकर या किनाऱ्यावरच्या शहरातले क्रुसेडर? कितबुकाच्या फौजेने क्रुसेडरांचं सिडॉन लुटल्यावर त्यांनी चक्क मामलुकांना (इजिप्तच्या मुसलमान राज्यकर्त्यांना) आपल्या मुलखातून वाट दिली, रसदही पुरवली! सप्टेंबर १२६० मध्ये ऐन जालूतच्या लढाईत मामलुकांकडून कितबुका संपला, त्यात या मदतीचाही हात होता.

मुसलमान तरी कुठे एक होते? मोसुलचा बद्रुद्दीन लूलू आधीच हुलागूचा मांडलिक. उलट हुलागूचा चुलतभाऊ बर्के (उत्तरेकडच्या मंगोल राज्याचा खान) मुसलमान झालेला. १२६२ मध्ये कॉकेशसमध्ये दोघांची जुंपली. बगदाद उद्ध्वस्त केल्याचा बर्केला राग होताच, पण अझरबैजानची कुरणंही हवी होती (माझ्या मते तीच जास्त). मामलुक सुलतान बैबर्सने लगेच बर्केशी सूत जमवलं.

गंमत म्हणजे हुलागूचा पणतू, इराणचा मंगोल राजा गाझान १२९५ मध्ये स्वतः मुसलमान झाला, तरी १२९९ मध्ये मामलुकांच्या सीरियावर चालून गेलाच.